फुलांच्या घड्याळातलं भोक

रविवारी आमच्याकडे एक वाजता कोंबडीचं सूप असतं. जग इकडचं तिकडे झालं तरी एकच वाजता. त्या रविवारी मी ते अकरालाच वाढलं आणि माझा भाऊ वालेक चमचा हवेत धरून माझ्याकडे बघत राहिला.

"कोण मेलंय?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. जेव मुकाट्यानं. सव्वाबाराची बस आहे."

"कुठली बस?"

"चेखोचिनेकची. खारी हवा घ्यायला. डॉक्टर म्हणालेत ना."

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. सोमवारी सकाळी सात वाजता बिडगोश्चच्या इस्पितळात उपाशीपोटी या, असं म्हणाले होते. उजव्या कानामागची गाठ काढायची, आणि कान वाचेलच याची खात्री नाही. डावा तर कागदाच्या कारखान्यातल्या यंत्रांनी केव्हाच खाल्ला होता. म्हणजे रविवार हा माझ्या भावाचा ऐकण्याचा शेवटचा दिवस ठरू शकत होता. आणि एकोणपन्नास वर्षं पोटात दाबून ठेवलेली एक गोष्ट मला त्याच्या कानावर घालायची होती. सोमवारनंतर काय, पाटीवर लिहून दाखवू?

मी उठले, गॅस पुसला. पुसलेला गॅस परत पुसला.

"साबिने, तुला मुंग्या चावतायत का?" वालेक म्हणाला.

"तू जेव रे बाबा."

तो जेवत होता, आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं पावाच्या पाटावर आपली आपण हलत होती. एक, तीन, एक, चार. त्याला कळतही नसतं. नवरा गेल्यापासून मी भावाकडे राहते, रोज हे बघते.

सगळं सांगते. १९७० साली मी वीस वर्षांची होते आणि व्वोत्सवावेकमध्ये क्लेमेन्ससाहेबांच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना कसला, अंगणातली एक खोली. तिथं आम्ही गाणारी पोस्टकार्डं बनवायचो. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. साधं चित्राचं कार्ड, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर, त्यावर गरम साच्यानं गाण्याच्या रेघा उमटवायच्या, मधोमध भोक पाडायचं. कार्ड घरी न्या, तबकडीसारखं फिरवा, सुई ठेवा, गाणं वाजतं. बाहेरच्या देशांतल्या तबकड्या कुणाला मिळत होत्या? आमची कार्डं मात्र प्रत्येक टपरीवर वर्तमानपत्रांशेजारी लटकलेली असायची. भोक पाडायचं काम माझं होतं.

लोकांना हवं असायचं इंग्रजी. क्लेमेन्ससाहेब दूरच्या रेडिओवरून गाणी टेपवर उतरवायचे आणि त्यात गाण्यापेक्षा खरखरच जास्त यायची. एकदा ते कपाळाला हात लावून बसले होते तेव्हा मी म्हटलं, "साहेब, माझा भाऊ वाजवतो. इंग्रजापेक्षा बरं वाजवतो."

वालेक तेव्हा तेवीसचा, कागदाच्या कारखान्यात वायरमन. गिटार त्यानं स्वतः बनवली होती. गिटारची लांब मान म्हणजे आमच्या आईच्या कपाटाची फळी. तारेचा आवाज पकडायला टेलिफोनच्या रिसीव्हरमधली चकती. ती कुठल्या टेलिफोनची, हे आईनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्यानं रचलेली अडीच मिनिटांची एक धून होती. काय सांगू तुम्हाला! आमच्या आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती धून लागली की ती सोललेले बटाटे परत सोलायची. क्लेमेन्ससाहेबांनी ती उतरवून घेतली आणि कार्डावर छापलं, 'लंडनची संध्याकाळ, इंग्लिश बँड'. व्वोत्सवावेकचा वायरमन म्हणून छापलं असतं तर कुत्र्यानंही विकत घेतलं नसतं.

वालेकला त्याचं काही वाईट वाटलं नाही. त्याला फक्त आपला हात यंत्रावर वाजताना ऐकायचा होता. "सबे, पहिलं कार्ड मला," असं तो म्हणाला होता.

आणि मग आला तेवीस नोव्हेंबर. क्लेमेन्स नावाच्या संताचा दिवस, म्हणजे आमच्या साहेबांचा नावदिवस. आमच्याकडे वाढदिवस पोरांचा, मोठ्यांचा नावदिवस, आणि नावदिवसाला कामाच्या जागी पेला नाकारणं म्हणजे साहेबाच्या तोंडावर थुंकणं. साहेबांच्या बायकोनं घरी केलेली चेरीची दारू आणली होती. शंभर वर्षं जगा म्हणून आम्ही तीनदा गायलो, आणि प्रत्येक वेळी एक पेला. नंतर मी मशीनवर बसले. आठवड्यानं नाचाची मोठी रात्र होती, टपऱ्यांना माल हवा होता, आणि समोर वालेकची तीनशे कार्डं. कार्डावर चेखोचिनेकच्या बागेतलं फुलांचं घड्याळ होतं. भोक त्याच्या काट्यांच्या मधोमध पडायला हवं. मी पाडली तीनशे भोकं, गाणं गुणगुणत, गाल लाल झालेले. सगळी तीन मिलिमीटर डावीकडे.

सकाळी डोकं ठणकत असताना मी उरलेलं एक कार्ड उचललं आणि भोक काट्यांच्या डावीकडे दिसलं. माल सहालाच गेला होता.

भोक वाकडं असलं की कार्ड फिरताना लंगडतं. प्रत्येक फेरीला सूर चढतो, उतरतो, चढतो, उतरतो. मी वालेकला सांगितलं नाही, पहिलं कार्डही दिलं नाही. आज बोलू, उद्या बोलू करत नाचाची रात्र उजाडली. कागदाच्या कारखान्याच्या सभागृहात कुणीतरी ते कार्ड लावलं. वालेक इरेना नावाच्या पोरीबरोबर नाचत होता, आणि त्यानं तिच्या कानात सांगितलं होतं, हा इंग्रज म्हणजे मी. आणि सूर झोकांड्या खाऊ लागला. सगळं सभागृह पोट धरून हसलं. "इंग्रज टाइट होऊन आलाय!" कुणीतरी ओरडलं. इरेनाही हसली.

तो घरी आला, गिटारच्या तारा कापल्या, खिळे उपटले आणि फळी परत कपाटात बसवली. अजून आहे ती तिथं. माझ्या चादरी त्याच फळीवर असतात, टोकाला तारांच्या खुंट्यांची सहा भोकं आहेत. दुसऱ्या दिवशी तो क्लेमेन्ससाहेबांच्या अंगावर धावून गेला. "तुझ्या भंगार साच्यानं माझं वाटोळं केलं," म्हणाला. साहेब आईची शपथ घेऊन सांगत होते की साचा ठीक आहे. मी भोक पाडायच्या मशीनमागे उभी होते. मी तोंड उघडलं नाही. वालेक त्यांच्याशी पुढं बारा वर्षं बोलला नाही. ते वारले तेव्हा त्यांच्या मातीलाही गेला नाही.

ही झाली माझी गोष्ट. आता दुसऱ्या माणसाची.

८२च्या हिवाळ्यात देशात लष्करी राजवट होती, रस्त्यांवर सैन्य उभं होतं, मी इस्त्री करत होते, आणि रेडिओवर एका नव्या पोराची गिटार लागली. रेमेक ओल्शा. माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि नवऱ्याचा सदरा जळला. सूर चढत होता, उतरत होता, चढत होता, उतरत होता. पडतोय पडतोय असं वाटायचं आणि शेवटच्या क्षणी तो सावरायचा. ऐकताना आपणच पडणार असं वाटायचं. त्या वर्षी सगळा देश तसाच तर उभा होता, म्हणून असेल, पण महिन्याभरात ते खिडक्याखिडक्यांतून ऐकू यायला लागलं. लोक त्याला ओल्शाचा हेलकावा म्हणायला लागले. आज श्चेचिनपासून झेशुफपर्यंत, अख्ख्या देशात, गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण आधी तो हेलकावा शिकतो. आमच्या वरच्या मजल्यावरची पोरगी रोज संध्याकाळी तोच घोटते. वालेक छताला झाडूचा दांडा मारतो. रेडिओवर रेमेक लागला की पहिल्या दोन सेकंदांत याचा हात बटणावर. "दारुड्याचं संगीत," म्हणतो.

मला नुसता संशय होता. यंदा वसंतात केस कापायला गेले असताना तिथल्या मासिकात रेमेकची मुलाखत वाचली. तो म्हणत होता, "लहानपणी चेखोचिनेकच्या टपरीवर आईनं एक पोस्टकार्ड घेऊन दिलं. फुलांचं घड्याळ. इंग्लिश बँड. त्यावर एक जण गिटारचे सूर असे झुलवत होता की मी वेडा झालो. घासून घासून महिन्याभरात कार्डाचा आवाज गेला. पुढची चाळीस वर्षं मी त्या इंग्रजाला शोधतोय, लंडनच्या प्रत्येक म्हाताऱ्या वादकाला विचारलं, कुणालाच माहीत नाही. तोच माझा गुरू." अर्धे केस कापलेले असतानाच मी उठले, मला परत खुर्चीत बसवावं लागलं.

तर असा तो रविवार होता. बसमध्ये मी तीनदा जागा बदलली.

बागेत शिरता शिरता वालेकला फलक दिसला. 'रेमेक ओल्शा, दुपारी तीन'. तो जागच्या जागी थांबला.

"ही तुझी खारी हवा?"

"वालेक, ऐक ना."

"उद्या कान जायचाय, तर आज त्यात ही घाण ओतायची होती तुला?"

"परतीची बस पाचला आहे," मी म्हटलं. "चालत जा हवं तर."

तो बसला, पण मंचाकडे पाठ करून. मी त्याच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाशी. भोवती उपचाराला आलेली म्हातारी मंडळी खाऱ्या पाण्याचे पेले घेऊन, त्यांच्यामागे काळ्या बंड्यांमधले केस वाढवलेले बाप्ये, आणि त्यांची पोरं. रेमेक आला. पांढरे केस, बारीक, गुडघा दुखतोय हे चालण्यावरून कळत होतं. त्यानं पहिलाच सूर असा लांबवला की शेजारच्या बाईचा पेला ओठाशीच थांबला. दोन बोटांत एवढं काय असतं हो माणसाच्या! केस वाढवलेले ते बाप्ये लहान पोरांसारखे रडत होते, आणि मला अभिमान वाटत होता, आणि लाज, आणि बाकावर बूड टेकत नव्हतं.

चौथ्या गाण्यानंतर त्यानं पाकिटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढलं.

"हे इथलंच आहे," तो म्हणाला. "पलीकडच्या टपरीवरचं. माझ्या इंग्रजाचं. आता तो हयात असेल की नाही देव जाणे. एकदा भेटला असता तर पाया पडलो असतो."

वालेक सावकाश वळला. मंचाकडे, मग माझ्याकडे.

"ते फुलांचं घड्याळ आहे का?" त्यानं विचारलं.

"हो. तुझं कार्ड आहे. तो इंग्रज तू आहेस."

त्याचं तोंड उघडं राहिलं. इथंच मी थांबू शकले असते. त्याला तेवढंच देऊन, गुपचूप घरी नेता आलं असतं. पण माझ्यानं राहवेना.

"आणि साचा ठीक होता, वालेक. भोक मी वाकडं पाडलं. नावदिवसाची चेरीची दारू प्यायले होते. तीनशेच्या तीनशे."

तो उठला आणि चालायला लागला. लोकांच्या गुडघ्यांना ठेचकाळत मी त्याच्यामागे. तो थेट फुलांच्या घड्याळापाशी जाऊन थांबला. झेंडूचे आकडे, लोखंडी काटे, तीन चाळीस.

"बोल काहीतरी. शिव्या दे," मी म्हटलं.

"मी क्लेमेन्सच्या मातीला गेलो नाही," तो म्हणाला. "त्याची बायको दारात येऊन विनवून गेली. मी दार लावलं."

मी रडले, तर म्हणाला, "आता रडतेस होय! तेव्हा कुठं गेली होतीस?" आणि काट्यांकडे वळला. मागून रेमेकची गिटार ऐकू येत होती आणि वालेकनं या खेपेला कान झाकला नाही. उजवा कान तिकडे करून उभा राहिला.

"यात माझं काहीच नाही," तो अखेर म्हणाला.

"काय नाही?"

"माझी धून नाही यात. एक तुकडासुद्धा नाही. त्यानं घेतलंय ते तुझं भोक. पोरानं आयुष्यभर तुझं भोक वाजवलं, सबे." आणि तो हसला, पण ते हसू मला बघवेना.

मला वाटलं होतं, मी त्याला काहीतरी परत देतेय. आणि हे काय करून बसले होते मी! शेवटचा कानही असा भरून ठेवला.

"चल, त्याला सांगू," मी त्याचा दंड धरला.

"काय सांगणार?"

"मला काय माहीत काय सांगणार! चल."

कार्यक्रम संपल्यावर रेमेक मंचामागच्या टेबलाशी सह्या करत होता. रांग मोठी होती. मी वालेकला ओढत रांगेच्या पुढं घुसवलं. एक दाढीवाला म्हणाला, "काकू, रांग आहे." मी म्हटलं, "मी तुझ्या जन्माआधीपासून रांगेत आहे, सरक." पावासाठीही रांगा लावलेल्या आमच्या पिढीला रांगांबद्दल कुणी शिकवू नये.

"साहेब, हा तुमचा इंग्रज," मी म्हटलं.

रेमेक दमलेला होता. तो सौजन्यानं हसला. "मावशी, दर वर्षी दोन-तीन तरी येतात. गेल्या वर्षी तर एक पाद्री आले होते."

"मी व्वोत्सवावेकचा वायरमन आहे," वालेक म्हणाला. "गिटार द्या इकडे."

रेमेकनं पळभर त्याच्याकडे पाहिलं आणि खरंच दिली. वालेक टेबलाच्या कडेवर बसला. बोटं ताठलेली, एक तार नुसतीच खट्ट वाजली, दुसऱ्यांदाही खट्ट. मग धून लागली. एक, तीन, एक, चार. पावाच्या पाटावरची तीच. सरळ, स्वच्छ, एकही सूर न हलता. एकोणपन्नास वर्षांनी मी ती ऐकली आणि मला आईच्या बटाट्यांचा वास आला.

रेमेकनं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"धून तीच आहे. कुठून शिकलात माहीत नाही. पण हा तो हात नाही, काका. माझा माणूस सूर झुलवतो. तुम्ही सरळ वाजवता."

वालेक गिटार परत द्यायला लागला. त्याचा चेहरा! सभागृहातून घरी आला होता त्या रात्रीचाच चेहरा. आणि माझ्या अंगात कुठून आलं कोण जाणे, मी रेमेकच्या समोरचं ते पिशवीतलं कार्डच उचललं. कुणीतरी मला धरायला धावलं.

"भोक बघा!" मी ओरडले. "काटे कुठं एकत्र येतात ते बघा आणि भोक कुठं आहे ते बघा. तीन मिलिमीटर. मी पाडलंय ते. दारू पिऊन पाडलंय, आणि माझ्या भावाला आणि माझ्या साहेबांना त्याचं पाप भोगायला लावलंय. कार्ड लंगडत होतं. हा सरळच वाजवत होता. झुलवणारा इंग्रज कधी नव्हताच. झुलवलंत ते तुम्हीच, पहिल्यांदा. तुम्ही कुणाचं काही चोरलेलं नाही, आणि यानं काही वाईट वाजवलेलं नाही. वाईट काम फक्त माझं आहे, लिहून ठेवा हवं तर!"

रेमेकनं कार्ड उजेडात धरलं. अंगठ्यानं भोकाच्या कडेवरून फिरवलं. मग खुर्चीत बसला तो बसलाच. चाळीस वर्षं शोधलेला माणूस एका झटक्यात मेला आणि दुसरा समोर गिटार घेऊन बसलेला, असं झालं होतं त्याचं.

"म्हणजे हे असं होतं?" तो वालेकला हळूच म्हणाला. "सरळ?"

"सरळ," वालेक म्हणाला.

"परत वाजवता का, काका? मला तेव्हा ऐकताच आलं नाही."

वालेकनं परत वाजवलं. या खेपेला एकही तार खट्ट झाली नाही. रेमेक पुढं वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. शेवटचा सूर आला. वालेकनं तो धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि बोटानं तार मुद्दाम ढकलली. सूर चढला, उतरला. एकदाच. मग त्यानं हात काढला.

रेमेकनं खरंच त्याचे पाय धरायचा प्रयत्न केला, तर वालेक म्हणाला, "उठा हो, गुडघा सांभाळा."

पाचच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि मी त्याच्या बहिऱ्या बाजूला, मुद्दामच. व्वोत्सवावेकचा पूल येईपर्यंत मी माझ्या पिशवीची चेन उघडत होते, लावत होते.

"बंद कर ते," तो म्हणाला.

मी बंद केलं.

"इस्पितळातून परत आलो की पहिल्यांदा क्लेमेन्सच्या थडग्यावर जायचं. तूही येणार आहेस."

"येते."

"आणि घरी गेल्यावर आज त्या फळीवरच्या चादरी काढून दुसरीकडे ठेव."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. "अरे, पण कान…"

"कानाचं कान बघेल. हाताला तर ऐकू येतं ना!" तो परत खिडकीकडे वळला आणि काचेकडे बघत म्हणाला, "नवी भोकं मात्र मी पाडणार. तू हात लावायचा नाहीस."